कराचे पैसे कापडाच्या बिलातले

कोल्हापूर,
५ मार्च २०२५

चि. बाळास,


परवा रात्री तू फोन केलास तो कारखान्यातूनच. मागांच्या खडखडाटात तुझं निम्मं बोलणं वाहून गेलं. जेवढं कानावर आलं त्यावरून एवढं समजलं, की करसल्लागारांनी यंदा ४१,६०० रुपये ॲडव्हान्स टॅक्स भरायला सांगितलाय, १५ मार्च ही शेवटची तारीख आहे, पैसे सुतात अडकलेत, आणि कुणीतरी तुला सुचवलंय की क्रेडिट कार्डानं भरून टाक, वर पॉइंटही मिळतील. ‘भरू का, आत्या?’ एवढं मात्र स्पष्ट ऐकलं. फोनवर सांगितलेले आकडे डोक्यात राहत नाहीत, म्हणून कागदावर लिहिते आहे. दोनदा वाच, दिवाणजींनाही वाचायला दे.

उत्तर आधीच सांगते. कार्डानं भर, पण डेबिट कार्डानं. क्रेडिट कार्डानं भरू नकोस.

आता कारण. आपल्या घरात आजवर कुणी उठून कर भरायला गेलेलंच नाही, हे तुझ्या कधी ध्यानात आलंय का? दादा आयुष्यभर खर्चीवाला राहिला. सूत व्यापाऱ्याचं, बीम व्यापाऱ्याचा, आपली फक्त मजुरी. त्या मजुरीच्या बिलातून व्यापारी शेकडा एक रुपया टीडीएस म्हणून कापायचा आणि दादाच्या पॅनवर सरकारात भरायचा. दादाचा खरा कर त्या कापलेल्या रकमेपेक्षा कमीच निघायचा, म्हणून विवरणपत्र भरलं की खात्यावर परतावा यायचा. इन्कम टॅक्स म्हणजे वर्षाकाठी घरात येणारे चार पैसे, अशीच तुम्हा पोरांची समजूत झाली. ती चूक कुणाचीच नाही. पण गेल्या एप्रिलपासून तू स्वतःचं सूत घेऊन कापड विकायला लागलास आणि सगळं उलटलं. विकलेल्या कापडाच्या बिलातून तो शेकडा एक कापला जात नाही. बिलाचे पैसे सबंध तुझ्या खात्यावर येतात, आणि त्यातला सरकारचा वाटाही तुझ्याच खात्यावर येऊन बसतो. तो तुझा नाही, हे सांगायला मध्ये आता व्यापारी नाही.

तुझ्या सल्लागारांचा आकडा मी पडताळून पाहिला. वर्षाची विक्री दीड कोटी, सगळे पैसे बँकेतून आलेले, म्हणून कलम ४४एडीप्रमाणे शेकडा सहानं उत्पन्न धरायचं, म्हणजे नऊ लाख. नव्या करप्रणालीत पहिल्या तीन लाखांना कर नाही, पुढच्या चार लाखांवर पाच टक्क्यांनी वीस हजार, त्यापुढच्या दोन लाखांवर दहा टक्क्यांनी वीस हजार. झाले चाळीस. त्यावर चार टक्के सेस, सोळाशे. आकडा बरोबर आहे. ४४एडीवाल्याला बाकीच्यांसारखे जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे चार हप्ते नाहीत, सगळी रक्कम एकदाच १५ मार्चपर्यंत भरायची असते. वर्षभर काही भरावं लागलं नाही म्हणून विसर पडतो आणि शिमग्यात डोळे उघडतात.

आणखी एक गैरसमज आत्ताच काढून टाकते. १ फेब्रुवारीच्या अंदाजपत्रकात बारा लाखांपर्यंत कर लागणार नाही असं जाहीर झालं, ते तूही ऐकलं असशील. ते येत्या १ एप्रिलनंतरच्या कमाईला आहे. या ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षासाठी पूर्ण सवलतीची मर्यादा सात लाखच आहे. माझ्या शेजारचा एक जण याच भरवशावर निवांत बसला होता, त्याला मी कालच समजावून आले.

आता कार्डाचं बोलू. दुकानात तू कार्ड घासतोस तेव्हा बँकेची दलाली दुकानदार सोसतो, तुला ती दिसत नाही. सरकार कर घेताना ती सोसत नाही, कराचा रुपया तिजोरीत सोळा आणे पोचला पाहिजे. म्हणून क्रेडिट कार्डाचा खर्च भरणाऱ्याच्या माथी येतो. पेमेंट गेटवेच्या पानावर पैसे देण्याआधी तो आकडा दाखवतात, बँकेगणिक दर वेगळा असतो, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर मात्र १ जानेवारी २०२० पासून ही दलालीच शून्य केली आहे. एकाच पानावर, एकाच कराला, एका कार्डाला पैसे पडतात आणि दुसऱ्याला पडत नाहीत, त्याचं कारण हे.

हिशेबापुरता क्रेडिट कार्डाचा खर्च शेकडा एक धर. ४१,६०० वर ४१६ रुपये, त्यावर जीएसटी ७५. म्हणजे ४९१ रुपये. आता दुसरी बाजू बघ. समज, तू १५ तारीख चुकवलीस आणि ३१ मार्चच्या आत आपल्या खात्यातून भरलेस, तर कलम २३४सीप्रमाणे शेकडा एक व्याज, तेही एकदाच. किती झालं? ४१६. जी तारीख गाठायला तू कार्ड काढणार, ती चुकवण्याचा दंड कार्डाच्या खर्चापेक्षा पंचाहत्तर रुपयांनी कमी आहे! मी तुला उशीर करायला सांगत नाही. तारीख पाळायचीच. पण घाबरून चुकीच्या दारात जाऊ नकोस, एवढ्यासाठी हा हिशेब मांडला.

आणि ४९१ वर भागलं तर नशीब. खरी धग पुढे आहे. कार्डाचं बिल आलं, त्या आठवड्यात सुताचा व्यापारी दारात उभा राहिला, आणि तू बिलावरची ती छोटी रक्कम, ‘किमान देय’, तेवढीच भरलीस, की राहिलेल्या पैशावर व्याज सुरू होतं. बहुतेक कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आगेमागे असतो, म्हणजे वर्षाला बेचाळीस. तुझ्या ४१,६०० वर महिन्याला १,४५६ रुपये, आणि व्याजावरही जीएसटी, २६२. एका महिन्याचे १,७१८. शिवाय बाकी थकली की नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते, पेट्रोल भरलंस तरी त्या दिवसापासून व्याज. पूर्वी राष्ट्रीय ग्राहक आयोगानं तीस टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, २००८ साली. गेल्या २० डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. त्यामुळं त्या आडोशाचीही आता आशा धरू नकोस.

सरकारचं व्याज काय आहे? महिन्याला शेकडा एक. समजा तू मार्चअखेरही भरलंच नाहीस आणि जुलैत विवरणपत्रासोबत सगळं भरलंस, तर २३४सीचे ४१६ आणि एप्रिल ते जुलै चार महिन्यांचे २३४बीचे १,६६४, मिळून २,०८० रुपये. तेच पैसे कार्डावर चार महिने थकले तर पावणेसात हजारांच्या वर जातात. इतकी वर्षं बँकेत काढली, सावकारी व्याजाची कर्जं फिटता फिटत नाहीत हे डोळ्यांनी पाहिलं. म्हणून मी ठामपणे सांगते, सरकारचं देणं फेडायला त्याहून महाग देणं करू नये. अगदीच नड असली तर तुझ्या कॅश क्रेडिट खात्यातून काढ. त्याचं व्याज महिन्याला टक्क्याच्या आसपास पडतं. पण तेही सुताचे पैसे आहेत, तिथं खड्डा पडला की पुढच्या बीमला अडचण येणार. आणि सबंध रक्कम नसेल तर जी आहे ती तरी १५ च्या आत भर. व्याज फक्त राहिलेल्या रकमेवर लागतं. मार्चअखेर एकूण कराचे नव्वद टक्के, म्हणजे तुझ्या बाबतीत ३७,४४० रुपये जमा असले, तर २३४बीचं व्याज लागतच नाही.

पॉइंटांचं म्हणशील तर बरीच कार्डं सरकारी भरण्यावर पॉइंट देतच नाहीत. तुझं देत असलं, तर किती रुपयांचे, ते आधी विचार आणि ४९१ शी ताडून बघ.

हे काही आपल्याच देशाचं नाही. अमेरिकेत कर खातं कार्ड थेट घेत नाही, मध्ये खासगी कंपन्या आहेत. डेबिट कार्डाला दोनएक डॉलर सरसकट, क्रेडिट कार्डाला पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. इंग्लंडमध्ये कायद्यानं कार्डावर जादा आकार घ्यायला बंदी आली, तेव्हा तिथल्या कर खात्यानं १३ जानेवारी २०१८ पासून लोकांचं वैयक्तिक क्रेडिट कार्ड घेणंच बंद केलं. कार्डाचा खर्च कुणीतरी सोसायचा, तर तो इतर करदात्यांनी का सोसावा? मला तो निर्णय योग्य वाटतो.

एक प्रसंग मात्र असा आहे, जिथं क्रेडिट कार्ड चालेल. व्यापाऱ्याचे पैसे अमुक तारखेला येणार हे नक्की आहे, ते कार्डाच्या बिलाच्या तारखेआधी येणार आहेत, आणि आल्याबरोबर तू पूर्ण बिल भरणार आहेस. तसं असलं तर ४९१ रुपयांत महिनाभराची सवड मिळते, इतकंच. पण ‘नक्की’ हा शब्द आपल्या धंद्यात किती टिकतो, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याचा नियम, ते ४३बी(एच), येऊनही तुझी किती बिलं वेळेवर येतात ते तूच मोज. उद्यम नोंदणी केली आहेस ना? नसेल तर त्या नियमाचा आधारही मिळणार नाही.

आता भरायचं कसं ते सांगते. ते तू स्वतःच्या हातानं भरावंस अशी माझी इच्छा आहे. आकडा सल्लागारांनी काढावा, पैसे तू भरावेस. कबनूर चौकात कुणाच्या दुकानात बसून, कार्ड त्याच्या हातात देऊन, ओटीपी मोठ्यानं वाचून दाखवून भरू नकोस.

मी काउंटरवर असताना चलनाच्या चार प्रती असायच्या, मध्ये कार्बन. मार्चच्या शेवटच्या दिवशी रांग बाहेर रस्त्यावर जायची, बोटाला शाई आणि रबरी टोपण, शिक्का मारून मारून मनगट भरून यायचं. एकदा कबनूरचाच एक मागवाला आला, शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला चलनाचा तुकडा. पैसे भरून वर्ष झालेलं आणि खात्याची मागणीची नोटीस आलेली. आमच्या काउंटरवरच कार्बन सरकला होता, तिसऱ्या प्रतीवर पॅनचं एक अक्षर दुसरंच उमटलं होतं. त्याचे पैसे सरकारात पोचले होते, पण त्याच्या नावावर नव्हते. तो चार घड्यांचा कागद जपला होता म्हणून माणूस सुटला. तो कागद उलगडताना त्याचा हात कापत होता, ते मी विसरलेले नाही. २००४ मध्ये संगणकावरची पद्धत आली आणि चार प्रतींची एक झाली. १ एप्रिल २००८ पासून कंपन्यांना आणि ऑडिटवाल्यांना कर ऑनलाइन भरणं सक्तीचं झालं. आता कार्बन गेला, पण अक्षर चुकायचं ते चुकतंच. फक्त आता चुकतं ते आपल्याच बोटानं.

तेव्हा नीट बघ. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप कर, इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन. मेसेजमधल्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या कुठल्याही लिंकवर बोट ठेवायचं नाही. तिथं ‘ई-पे टॅक्स’ आहे. लॉगिन न करताही उघडतं, पॅन आणि मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतो. मोबाइल कुणाचाही चालतो आणि पॅनही कुणाचाही चालतो, हे लक्षात ठेव. बाप मुलाचा कर भरू शकतो, तसा चुकून परक्याचाही भरला जातो. म्हणून पॅनची दहाही अक्षरं कार्डावरून एकेक जुळवून बघ. शून्य की ‘ओ’, एक की ‘आय’, तिथं विशेष.

पुढे ‘इन्कम टॅक्स’चा चौकोन निवडलास की असेसमेंट इयर विचारेल. इथं शेकडो माणसं चुकतात. तुझ्या भाषेत सांगते. कापड विणलं २०२४-२५ मध्ये, त्याची तपासणी आणि घडी २०२५-२६ मध्ये. कर खातं तपासणीचं वर्ष विचारतं. तू २०२५-२६ निवडायचं. (गेल्या महिन्यात लोकसभेत आलेल्या नव्या विधेयकात ही दोन वर्षांची भानगड काढून एकच ‘कर वर्ष’ ठेवायचं आहे. होईल तेव्हा होईल, आज जुनंच चालतं.) त्याखाली भरण्याचा प्रकार, ‘ॲडव्हान्स टॅक्स’, त्याचा आकडा १००. खाली ३०० चा ‘सेल्फ असेसमेंट’ आहे, तो जुलैत विवरणपत्राच्या वेळचा. तिथं बोट गेलं तर पैसे जमा होतील, पण ॲडव्हान्स म्हणून धरले जाणार नाहीत आणि व्याजाचा गोंधळ होईल. चुकलंच तर पोर्टलवर चलन दुरुस्तीची सोय आहे, पण तिला दिवसांची मर्यादा आहे. त्याच दिवशी बघायचं, आठवडा जाऊ द्यायचा नाही.

रकमेच्या रकान्यांत ‘टॅक्स’समोर ४०,००० आणि ‘सेस’समोर १,६००. बेरीज खाली अक्षरात येते, ती वाच.

मग पैसे कसे देणार ते विचारेल. नेट बँकिंग, डेबिट कार्ड, बँकेच्या काउंटरवर, एनईएफटी-आरटीजीएस आणि पेमेंट गेटवे. ‘डेबिट कार्ड’मध्ये ठरावीक बँकांचीच नावं दिसतील. तुझं चालू खातं सहकारी बँकेत आहे, तिचं नाव नसलं तर घाबरायचं नाही. पेमेंट गेटवेत जा, तिथं दुसऱ्या बँकांची डेबिट कार्डं आणि यूपीआय दोन्ही आहेत. कराला यूपीआयची मर्यादा गेल्या सप्टेंबरपासून पाच लाख झाली आहे, तुझी रक्कम त्यात सहज बसते. फक्त तुझ्या बँकेनं स्वतःची मर्यादा कमी ठेवली आहे का ते विचारून घे. तुझं डेबिट कार्ड रूपेचं असेल तर खर्च शून्य, दुसरं असेल तर पानावरचा आकडा बघून मगच पुढे जा. तेही जमलं नाही तर एनईएफटीचं पान छापून कुठल्याही बँकेतून भरता येतं, त्या चलनाचा क्रमांक पंधरा दिवस चालतो. काउंटरवर रोख मात्र दहा हजारांच्या वर घेत नाहीत.

एक काम आजच कर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नव्या कार्डाचा ऑनलाइन वापर बंद ठेवूनच ते हाती देतात, तो आपण चालू करून घ्यावा लागतो. शिवाय रोजची मर्यादा असते. तुझ्या कार्डाची मर्यादा पंचवीस हजार असली तर ४१,६०० जाणारच नाहीत, आणि हे तुला कळेल ते शेवटच्या संध्याकाळी. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दोन्ही बघून घे.

गेल्या जुलैत माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. मला पेन्शन आणि ठेवींचं व्याज, धंदा नाही आणि वय साठच्या वर, म्हणून ॲडव्हान्स टॅक्स लागत नाही. विवरणपत्र भरताना राहिलेला कर भरला की झालं. डेबिट कार्डानं भरायला बसले. ओटीपी टाकला, गोल चक्र फिरत राहिलं आणि पान पांढरं पडलं. मोबाइलवर बँकेचा मेसेज, पैसे कापले. पोर्टलवर चलन नाही. माझी सून म्हणाली, ‘आई, परत भरून टाका, नाहीतर तारीख जाईल.’ माझंही बोट पुढे गेलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय, एकच रक्कम दोनदा लिहायची नाही. थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘पेमेंट हिस्ट्री’ उघडली तर चलन तिथं उभं, तारीख आदल्या दिवशीचीच. घाईनं दुसऱ्यांदा भरले असते तर ते जादाचे पैसे परताव्यातून यायची महिनोन्महिने वाट बघत बसले असते. तुझ्या बाबतीत असं झालं तर हेच कर. थांब, हिस्ट्री बघ, बँकेच्या मेसेजचा फोटो ठेव. पण थांबायला दिवस हाताशी पाहिजे, म्हणून तारखांकडे लक्ष दे. १३ ला होळी, शुक्रवारी १४ ला धुळवड, बँका बंद. १५ ला शनिवार. चौदाला तू रंगात असशील आणि पंधराला सगळा देश त्या पोर्टलवर असेल. तू बुधवारी, १२ तारखेला भर.

आणि ‘तुमचा परतावा मंजूर झाला, कार्डाचा नंबर द्या’ असा मेसेज नक्की येईल, मार्च ते जुलै या दिवसांत तो सगळ्यांना येतो. खातं परतावा थेट बँक खात्यावर टाकतं, त्याला कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी काही लागत नाही. सूनबाईंनाही सांगून ठेव. चुकून काही गेलंच तर लाज धरून बसू नकोस, त्या क्षणी १९३० ला फोन लाव. तासाभरात कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता पुष्कळ असते.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. तुझे पैसे सुतात अडकले, म्हणून तू कार्डाकडे बघायला लागलास. पण कराचे पैसे सुतात गेलेच कसे? दीड कोटीच्या विक्रीवर ४१,६००, म्हणजे शंभर रुपयांच्या बिलामागे अठ्ठावीस पैसे. पाच लाखांचं बिल जमा झालं की त्यातले चौदाशे रुपये. पाच लाखांतून चौदाशे बाजूला काढले तर तुझा एकही माग थांबत नाही. पण वर्षभर एकदाही काढले नाहीत, म्हणून आज एकदम एक्केचाळीस हजार जड वाटतात. दादाच्या वेळी हे काम व्यापारी करत होता, त्याच्या मनात असो नसो. आता ते तुझं काम आहे. वेगळं बचत खातं उघड, त्याला कॅश क्रेडिटशी जोडू नकोस, त्याचं कार्ड कपाटात ठेव. बिल जमा झालं की त्याच दिवशी दिवाणजींनी त्यातून कराचा वाटा त्या खात्यावर टाकायचा, वहीत एक ओळ लिहायची.

पुढच्या वर्षी नऊ लाखांवर कर लागणार नाही, मग कशाला, असं म्हणशील. तू नवे माग घ्यायचं म्हणतोस ना? विक्री दोन कोटींवर गेली की सहा टक्क्यांनी उत्पन्न बारा लाखांवर जातं, आणि सवलतीची ती रेषा बरीच ओलांडली की चार लाखांच्या वरच्या सगळ्या उत्पन्नावर कर सुरू होतो. रोख व्यवहार पाच टक्क्यांच्या आत ठेवलास तर तीन कोटींपर्यंत ४४एडी चालतं. तीन कोटींवर अठरा लाख उत्पन्न, आणि जाहीर झालेल्या नव्या दरांनी कर होतो १,६६,४००. तेव्हा शंभराला अठ्ठावीस नाही, पंचावन्न पैसे लागतील. ते कुठून काढणार? म्हणून आत्तापासून सवय कर. कर नाही लागला तर ते पैसे तुझेच आहेत, नव्या मागाच्या हप्त्याला येतील.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला १९०४ साली. तिथून तो आजूबाजूच्या गावांत पसरला, आपल्या कबनूरच्या गल्लीगल्लीत कारखाने उभे राहिले. एवढ्या वर्षांत आपल्या घरात स्वतःच्या नावानं कापड विकणारा आणि स्वतःच्या नावानं कर भरणारा तू पहिलाच. मला त्याचा अभिमान वाटतो, हे आज लिहूनच टाकते. दादा असता तर तोंडानं काही बोलला नसता, पण ते चलन देवघरात ठेवलं असतं.

बुधवारी संध्याकाळी पाळी बदलली की कारखान्याबाहेर ये, जिथं ऐकू येतं तिथं बस आणि भर. भरून झाल्यावर चलनाची पीडीएफ उतरवून घे, एक प्रत दिवाणजींच्या फायलीत लाव आणि एक मला व्हॉट्सॲपवर पाठव. वर्ष, १०० चा आकडा आणि पॅनची दहा अक्षरं मी इथून एकदा तपासून देते.

सूनबाईंना आणि पोरांना आशीर्वाद. रंगपंचमीला वाट बघते.

तुझी,
आत्या